कोळ्याच्या बायकोची गोष्ट

पत्र

ताई, मी २६ वर्षांची, सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते आणि संध्याकाळी आमच्या हौशी ग्रुपमध्ये नाटक करते. आत्तापर्यंत फक्त अ‍ॅक्टिंग केली, यंदा पहिल्यांदाच एकांकिका लिहिली. शाकुंतलात तो कोळी असतो ना, ज्याला माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडते, त्याच्या बायकोवर आहे. मासा ती कापते, अंगठी तिला सापडते आणि ती एक रात्र ती लपवून ठेवते, एवढीच गोष्ट. ग्रुपमध्ये वाचन केलं तर एक सीनियर म्हणाले, गोष्ट कालिदासाची, अंगठी कालिदासाची, मग तुझं काय, ओरिजिनल काहीतरी लिही. तेव्हापासून फाइल उघडलीच नाहीये. शकुंतलेवर बाकीच्यांनी काय लिहिलंय ते वाचायला घेतलं तर आणखीच वाटतं की सगळं लिहून झालंय. आणि खरं सांगायचं तर माझ्या एका आवडत्या कादंबरीतली दोन-तीन वाक्यं पण त्यात आलीयेत, लिहिताना कळलं नाही, नंतर लक्षात आलं. पहिली दहा पानं सोबत पाठवतेय. हे सोडून द्यावं का?
— अंगठी सापडलेली, सांगली

उत्तर

प्रिय अंगठी सापडलेली,

सोडू नकोस. बाकीचं नंतर वाच, आधी आज रात्री ती फाइल उघड.

तुझ्या सीनियरांवर मी चिडणार नाही, कारण 'मग तुझं काय' हा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी तो विचारायलाच हवा, फक्त त्यांनी तो विचारला आणि उत्तर ऐकायला थांबले नाहीत, एवढंच. पण त्याच्या आधीचं त्यांचं वाक्य, 'गोष्ट कालिदासाची', तिथे मात्र ते चुकले. गोष्ट कालिदासाची नाहीच आहे गं.

महाभारताचं आदिपर्व काढ आणि त्यातलं शकुंतलेचं आख्यान वाच, फार मोठं नाहीये, एका बसणीत होतं. तिथे अंगठी नाही. दुर्वास नाही, शाप नाही. अनसूया-प्रियंवदा नाहीत, मासा नाही आणि तुझा कोळी पण नाही. तिथली शकुंतला आपल्या डोक्यात आहे तशी लाजरी वगैरे तर अजिबातच नाही, कण्व बाहेर गेलेले असताना ती स्वतः राजाला आपल्या जन्माची हकीकत सांगते आणि लग्नाला हो म्हणायच्या आधी अट घालते की माझा मुलगा युवराज होणार असेल तरच. राजा जातो, न्यायला माणसं पाठवतो म्हणतो आणि पाठवत नाही. मुलगा सहा वर्षांचा होतो, वाघ-सिंह धरून झाडाला बांधायला लागतो, तेव्हा ती त्याला घेऊन दरबारात जाते. तिथे राजाला सगळं आठवत असतं! आठवत असून तो म्हणतो मला काही आठवत नाही. मग ती जे बोलते ते मुळातून वाच. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असून दिसत नाहीत म्हणते, तुझ्यात नि माझ्यात मेरू आणि मोहरीएवढं अंतर आहे म्हणते. आणि निघते. मग आकाशवाणी होते, राजा कबूल करतो की मला माहीत होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर घेतलं असतं तर लोकांनी शंका काढली असती.

आता हे कालिदासासमोर होतं. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट, व्यासांची, आणि त्याने त्यात हात घातला. राजा खोटं बोलतो ही गोष्ट बदलली, त्याऐवजी राजाला तिचा विसर पाडणारा शाप आणला, शापाला उतारा म्हणून अंगठी आणली, अंगठी हरवायला शचीतीर्थाचं पाणी आणि ती परत यायला मासा. म्हणजे आज ज्याला आपण 'शाकुंतल' म्हणतो त्यातली आपल्याला आठवणारी निम्मी गोष्ट त्याने बदललेल्या जागांमध्येच आहे. त्याने राजाला वाचवलं असं कुणी म्हणेल, मलाही दरबारातली ती मूळची भांडणारी बाई जास्त आवडते, पण हरवलेल्या आठवणीचं सगळं दुःख त्या एका अंगठीवर उभं केलंय ना, ते महाभारतात कुठेच नाही, ते त्याचं.

आणि अंगठी तरी त्याची का? जातककथांमध्ये कट्ठहारि जातक म्हणून एक आहे, वाराणसीचा राजा लाकडं गोळा करणाऱ्या बाईला आपली अंगठी देतो, मुलगी झाली तर ही विकून तिला वाढव, मुलगा झाला तर अंगठी आणि मुलगा घेऊन ये म्हणतो, आणि ती आल्यावर भर दरबारात लाजेने ओळख नाकारतो, अंगठी दाखवली तर ही माझी नाहीच म्हणतो. माशाच्या पोटातल्या अंगठीचं म्हणशील तर कालिदासाच्या कितीतरी शतकं आधी ग्रीक हिरोडोटसने सामोस बेटाच्या राजाची गोष्ट लिहून ठेवलीये, त्याने मुद्दाम समुद्रात फेकलेली अंगठी त्याला एका कोळ्याने आणून दिलेल्या माशात परत मिळते. अशी ही अंगठी हातोहात फिरलेली आहे. तुझ्या हातात आली तर तू चोर कशी झालीस?

आता तुझं काय, या प्रश्नावर येते. तुझी दहा पानं मी दोनदा वाचली आणि त्यानंतर सहाव्या अंकाची सुरुवात परत काढून वाचली, ती तूही परत वाच, यावेळी सावकाश. दोन शिपाई एका माणसाचे हात मागे बांधून त्याला आणतात, मारत मारत. तो म्हणतो मी शक्रावताराला राहणारा कोळी. शिपाई म्हणतो, तुला जात विचारली का आम्ही? तो सांगतो की जाळी नि गळ टाकून मी 'कुटुंबभरण' करतो. अधिकारी त्याच्या धंद्यावरून टोमणा मारतो, त्यावर तो उत्तर देतो की जन्माने आलेलं काम निंद्य असलं तरी सोडू नये, यज्ञात पशू मारताना दयाळू श्रोत्रिय ब्राह्मणसुद्धा कठोर होतोच की. मग सांगतो, रोहित मासा कापला तर पोटात ही चमकली, विकायला दाखवत होतो तर तुम्ही धरलंत. त्याच्या अंगाला कच्च्या मांसाचा वास येतो म्हणून अधिकाऱ्याची खात्री पटते की हा कोळीच आहे. अधिकारी राजाकडे गेल्यावर एक शिपाई म्हणतो, याला फासावर नेण्याआधीची फुलं बांधायला माझे हात शिवशिवतायत, आणि तू आता गिधाडांचा बळी होशील नाहीतर कुत्र्याचं तोंड बघशील. तेवढ्यात निरोप येतो सोडा याला, राजाने अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस दिलंय. आणि हा माणूस काय करतो, त्यातलं अर्धं त्या शिपायांनाच देतो, तुमच्या फुलांचे पैसे म्हणून! आत्ता ज्या फुलांनी ते याला मारायला सजवणार होते तीच फुलं. मग सगळे दोस्त होऊन दारूच्या दुकानात जातात. संपला सीन. दोन-तीन पानं, आणि परत तो कोळी कध्धीच दिसत नाही.

मला यातला एक शब्द सोडवत नाहीये, 'कुटुंब'. संस्कृतात तो सगळा परिवार, पण आपल्या मराठीत आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको. पूर्ण शाकुंतलात त्या कोळ्याच्या बायकोचा माग असेल तर तो एवढाच, त्याच्या एका वाक्यातल्या अर्ध्या शब्दात. ती घरी आहे, नवरा बाजारात गेलाय, आला नाही, त्याला बांधून नेलं हे तिला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तो रात्री अर्ध्या पैशांनिशी दारू पिऊन घरी आला तेव्हा ती काय म्हणाली. यातलं कालिदासाने काही लिहिलेलं नाही. तू ज्या जागी उभी राहिलीस तिथून राजवाडा दिसत नाही, तिथून विळी दिसते, आणि हे तुझं आहे, पूर्ण तुझं. सीनियरांना हे उत्तर दे.

एक उदाहरण देते. ययातीची गोष्ट, ती पण आदिपर्वातलीच, बापाला अकाली म्हातारपण येतं आणि धाकटा मुलगा पुरू त्याला आपलं तारुण्य देतो. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली त्यावर कादंबरी लिहिली, ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने बोलतात, भोगाला अंत नाही ही त्यांची तळमळ. साधारण त्याच सुमारास गिरीश कर्नाडांनी कन्नडमध्ये त्याच गोष्टीवर नाटक लिहिलं, वय बावीस-तेवीस, शिकायला ऑक्सफर्डला निघालेले, घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं डोक्यावर, आणि त्यांना त्या जुन्या गोष्टीत बापापेक्षा मुलगा दिसला. आणि मुलाच्या मागे उभी असलेली त्याची बायको दिसली, चित्रलेखा, जी महाभारतात नाही. नवऱ्याने एका दिवसात म्हातारपण घेतलं, तिला कुणी विचारलं? तिचा शेवट फार वाईट होतो. दोघांची सुरुवात एका जागेवरून, पण एक वाचून झाल्यावर दुसरं वाचलं तर दुसरी गोष्ट वाचतोय असं वाटतं. खांडेकरांनी लिहून झालं म्हणून कर्नाडांचं काही अडलं नाही, आणि तुझी कोळीण तर त्या चित्रलेखेच्या शेजारच्याच घरातली आहे.

म्हणून वाचायची भीती सोड. बाकीच्यांचं वाचलं की सगळं लिहून झालंय असं वाटतं तुला, ते मला कळतं, मलाही व्हायचं तसं, आणि मग मी न वाचता लिहायचे म्हणजे कुणाची सावली नको, आणि झालं काय तर पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून टाकलेलंच मी नव्याने आणि वाईट लिहायचे. ज्ञानेश्वरांचं बघ. गीतेवर लिहायला बसले तेव्हा आधीचे भाष्यकार होतेच, आणि शेवटच्या अध्यायात ते किती सरळ सांगतात, 'तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु ।' वाट पुसत पुसत चाललोय म्हणतात. ज्याला रस्ता विचारला त्याच्या घरी राहायला जायचं नसतं, पुढे आपल्यालाच चालायचं असतं, पण विचारल्याशिवाय निघालं तर फिरून फिरून तिथेच यायला होतं.

तुमच्या गावाचंच घे ना. १८४३ साली सांगलीत पटवर्धनांच्या दरबारात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्यावरून. मराठी नाटकाची पहिली गोष्टच जुनी होती, रामायणातली. ३७ वर्षांनी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला 'संगीत शाकुंतल' केलं तेव्हा कालिदासाचे पहिले चार अंक होते, पण पारशी मंडळींचा 'इंद्रसभा'चा खेळ बघून आलेला माणूस तो, त्याने त्यात पदं घातली, आणि नटांनी स्वतः गाणी म्हणायची ही सगळी संगीत नाटकाची परंपरा त्यातून फोफावली. कथेत नवीन काय होतं? फारसं काहीच नाही. लोक तरी वेडे झाले.

आता ती कादंबरीतली दोन-तीन वाक्यं. इथे मी कडक होणारेय. काढ ती. सगळीच्या सगळी, आज. तू प्रामाणिकपणे सांगितलंस म्हणून मला तुझं कौतुक आहे, लिहिताना असं होतं, आवडलेलं वाक्य डोक्यात आपल्या आवाजात बोलायला लागतं, पण लक्षात आल्यानंतर ठेवलं तर मग ते 'झालं' नाही राहत, ते आपण केलेलं होतं.

मी हे केलंय म्हणून सांगते. कॉलेजमध्ये असताना एका हयात लेखकाच्या कथेवरून एकांकिका लिहिली, गाव बदललं, नावं बदलली, शेवटचा संवाद मात्र जसाच्या तसा कारण त्याहून चांगला सुचत नव्हता, आणि हँडबिलवर लेखक म्हणून माझं एकटीचं नाव. प्रयोग चांगला झाला, टाळ्या पडल्या. महिन्याभराने त्यांचं पोस्टकार्ड आलं, चार ओळी होत्या, रागावलेले नव्हते, फक्त एवढंच की विचारलं असतंस तर नाही म्हटलं नसतं, प्रयोगाला आलो असतो. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. मी माफीचं पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं नाही, आणि पुढे दोन वर्षांनी ते गेले. मला त्यांना पहिल्या रांगेत बसवता आलं असतं.

कायद्याचं पण थोडं सांगते कारण बरेच जण याबाबतीत घाबरतात तरी किंवा बेफिकीर तरी असतात. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्याचा हक्क राहतो, म्हणजे कालिदास, व्यास, १८८५ साली गेलेले किर्लोस्कर, सगळे मोकळे आहेत. पण तू शाकुंतल मराठीतून वाचलं असशील तर तो अनुवाद कुणाचा आहे ते बघ, अनुवादकाला जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर त्याची वाक्यं उचलता येणार नाहीत, मूळ कालिदास मोकळा असला तरी. हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. आणि तुला धीर देणारं म्हणजे १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स, एका नाटककाराने म्हटलं होतं की सिनेमावाल्यांनी माझं नाटक घेतलं, कोर्ट म्हणालं की कल्पनेवर, विषयावर कुणाची मालकी नसते, ती कशी मांडली, कशा शब्दांत आणि कशा रचनेत, त्यावर असते. तो नाटककार हरला. म्हणजे ती कादंबरी वाचून तुला बायकांच्या गप्प राहण्यावर लिहावंसं वाटलं असेल तर खुशाल लिही, तो विषय कुणाच्या बापाचा नाही, पण तिची वाक्यं तिची.

आणि हँडबिलवर, फॉर्मवर, जिथे जागा मिळेल तिथे स्पष्ट लिही, 'कालिदासाच्या शाकुंतलातल्या सहाव्या अंकातल्या प्रसंगावरून'. लपवू नकोस. उलट बघणाऱ्याला आधीच कळलं की त्याला तो सीन आठवतो आणि मग तू काय वेगळं केलंस ते जास्त दिसतं.

आता तुझ्या पानांबद्दल, कारण खरं सांगू का, मला कायद्यापेक्षा यावर बोलायची जास्त घाई झालीये. तुझा पहिला सीन चांगला आहे, विळीवर मासा, खवले उडतायत, पोरगं रडतंय, विळीच्या पात्याला काहीतरी टक्कन लागतं, हे मस्त. पण अंगठी हातात आल्याबरोबर तुझी कोळीण पानभर भाषण करते, नशिबावर, गरिबीवर. तिथे मला ती दिसेनाशी झाली आणि तू दिसायला लागलीस. (कादंबरीतली वाक्यं पण तिथेच आहेत ना? मला वाटलंच. आपलं पात्र आपल्याला सापडलं नाही की आपण दुसऱ्याकडून शब्द आणतो.) त्याऐवजी हे बघ, सहाव्या अंकात पुढे राजा सांगतो की ही अंगठी घालताना मी तिला म्हटलं होतं, यावरचं माझ्या नावाचं रोज एक अक्षर मोज, संपेपर्यंत तुला न्यायला माणूस येईल. दुष्यन्त. तीन अक्षरं, तीन दिवस. त्या अंगठीवर एवढं सगळं कोरलेलं आहे आणि तुझ्या कोळणीला वाचता येत नाही. तिच्या बोटाला फक्त खाचा लागणार. एका बाईने ती अक्षरं मोजत वाट बघितली आणि दुसरी त्यांच्यावरून माशाच्या रक्ताचं बोट फिरवतेय आणि तिला माहीतच नाही की ही अक्षरं आहेत. तुला हे भाषणात सांगायची गरज नाही, करून दाखव, बघणाऱ्यांपैकी ज्यांना आठवेल त्यांना आठवेल.

भाषेचं पण बघ जरा. कालिदासाने कोळ्याला संस्कृत दिलेलं नाही, प्राकृत दिलंय, शिपायांनाही. तू तुझ्या कोळणीला पुस्तकी मराठी दिलीयेस. एखाद्या रविवारी हरिपूरला जा, कृष्णा-वारणेच्या संगमावर, सकाळी लवकर, जाळी घेऊन परत येणाऱ्यांशी बोल, त्यांच्या घरच्या बायकांशी जास्त बोल, मासा साफ करताना काय बोलतात, पोटात काही विचित्र सापडलंय का कधी विचार. वही काढू नकोस लगेच, आधी बस. नाटकाला लागणारी भाषा तिथे आहे, तुझ्या पतसंस्थेच्या काउंटरवरसुद्धा रोज येत असेल, पासबुक भरताना ऐकत जा.

दुसरा ड्राफ्ट झाला की मला पाठव, यावेळी पूर्ण. आणि एक गोष्ट त्यात आधी ठरवून टाक, कारण दहा पानांत मला ती कुठे सापडली नाही. तू लिहिलंयस, 'ती अंगठी लपवते'. कुठे? दार नसलेलं झोपडं, नवरा घरात, पोरगं कुठेही हात घालणारं, आणि अंगठीला माशाचा वास, मांजर येणार. चुलीच्या राखेत, तांदळाच्या मडक्यात, की स्वतःच्या तोंडात गालाशी धरून रात्रभर एक शब्द न बोलता? ते ठरलं की पुढचा सीन तुला आपोआप सुचेल.

तुझी,
ताई